उजव्या कंट्रोलला कामाला लावा: टॅली, एक्सेल आणि ई-वे बिल एका बटणावर

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एखाद्या गुळाच्या अडतीवर सौदे संपल्यावर तासभर बसून बघा. एकाच माणसाच्या पुढ्यात हिशेबाचं टॅली उघडं, शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची (विकलेल्या मालाच्या हिशेबाची) एक्सेल फाइल उघडी, ब्राउझरमध्ये ई-वे बिल, व्हॉट्सॲपवर गाडीवाल्याने पाठवलेला एमएच ०९ चा नंबर, आणि मध्येच गुळाच्या रव्यांचं (ढेपांचं) वजन गुणायला कॅल्क्युलेटर. दर दोन मिनिटांनी हात माउसवर जातो, खालच्या टास्कबारवर चिन्ह शोधतो, चुकीची विंडो वर येते, परत शोधतो. शिरोलीच्या फाउंड्रीत डिस्पॅचच्या टेबलावरही हेच, फक्त पट्टीच्या जागी टेस्ट रिपोर्ट असतो.

शॉर्टकट म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात येतं ते ‘बटण दाबलं, प्रोग्रॅम उघडला’. पण प्रोग्रॅम आपण दिवसातून एकदा उघडतो आणि त्याच्याकडे परत मात्र शंभरदा जातो. तेव्हा चांगला शॉर्टकट असा हवा: प्रोग्रॅम उघडा असेल तर त्याच्यावर नेऊन सोडायचं, नसेल तर उघडायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे. हे नसेल तर संध्याकाळपर्यंत पाच-सहा कॅल्क्युलेटर आणि दोन टॅली उघडी दिसतील.

आधी फुकटातलं बघा

स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचनांची फाइल, लिहायच्या आधी विंडोजमध्ये आयतं काय आहे ते वापरून बघा. टास्कबारवर पिन केलेल्या पहिल्या चिन्हासाठी विंडोज बटण आणि १, दुसऱ्यासाठी विंडोज आणि २, असं ९ पर्यंत, दहाव्यासाठी ०. प्रोग्रॅम बंद असेल तर उघडतो, उघडा असेल तर समोर येतो. म्हणजे आपल्याला हवं ते अर्धं काम इथेच झालं. ज्याचे तीन-चारच प्रोग्रॅम आहेत त्याने चिन्हं हव्या त्या क्रमाने लावावीत आणि पुढचा लेख वाचायचा सोडून दिला तरी चालेल. अडचण एवढीच, की कुणी चिन्ह ओढून इकडचं तिकडे केलं की आकडे बदलतात, आणि दोन पाळ्यांत दोन माणसं वापरत असलेल्या कॉम्प्युटरवर हे हमखास होतं. शिवाय ठरावीक फाइल, फोल्डर किंवा वेबसाइट यात नीट बसत नाही.

दुसरा आयता मार्ग: डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथल्या ‘शॉर्टकट की’ या चौकटीत क्लिक करून एक अक्षर दाबा. विंडोज आपणहून त्याच्या आधी कंट्रोल आणि ऑल्ट लावतो. ओके केलं की झालं. शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच असायला हवा; डी ड्राइव्हमधल्या कुठल्या तरी फोल्डरात ठेवला तर बटण दाबून काही होणार नाही. यात विंडोजचं बटण वापरता येत नाही, आणि दाबल्यावर कधीकधी कॉम्प्युटर दोन-तीन सेकंद विचार करत बसतो. उघड्या विंडोवर परत नेण्याचाही भरवसा नाही: काही प्रोग्रॅम नेतात, काही सरळ नवी विंडो काढतात.

मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हेही फुकट आहे. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये शॉर्टकटला प्रोग्रॅम जोडता येतो, आणि तो आधीच चालू असेल तर काय करायचं तेही निवडता येतं. ज्यांना कोडची ओळ बघितली तरी घाम फुटतो त्यांच्यासाठी ते बरं. मला स्वतःला साध्या मजकुराची एक फाइल जास्त आवडते, कारण ती पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली की तिथेही तीच बटणं चालतात.

कुठली बटणं घ्यायची

इथे घाई करू नका. चुकीचं बटण निवडलं तर शॉर्टकट चालतो, पण दुसरं काहीतरी बंद पडतं आणि ते चार दिवसांनी कळतं.

नुसती एफ बटणं टॅलीवाल्यांनी घेऊच नयेत. एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस, एफ ५ पेमेंट. ही बोटात बसलेली आहेत. ऑल्ट आणि जी हे टॅलीप्राइमचं ‘गो टू’. म्हणून नुसत्या ऑल्टचीही वाट बंद. ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की बऱ्याच कॉम्प्युटरांवर भाषा बदलते. मराठी-इंग्रजी दोन्ही टाइप करणाऱ्याला तो ताप नको.

राहिलं कंट्रोल आणि ऑल्ट, जे सगळे घेतात. त्यातही खड्डे आहेत. विंडोजच्या दृष्टीने कंट्रोल-ऑल्ट आणि उजवीकडचं ऑल्ट-जीआर हे एकच. ‘इंग्लिश इंडिया’ कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-४ दाबलं की ₹ उमटतं. तुम्ही चौथ्या नंबरला एक्सेल लावलं की बिलावर रुपयाचं चिन्ह येणं बंद. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डमधलीही काही अक्षरं याच जोडीवर आहेत. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-१, २, ३ ही हेडिंगची बटणं आहेत. एक्सेलमध्ये कंट्रोल-ऑल्ट-व्ही म्हणजे पेस्ट स्पेशल.

मग माझी निवड: उजवीकडचं कंट्रोल. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करताना जवळजवळ प्रत्येकाचा डावा हात चालतो. उजवं कंट्रोल बटण वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं असतं. ते आपल्या शॉर्टकटसाठी राखून ठेवायचं आणि त्याच्यासोबत अक्षर: टॅलीला टी, एक्सेलला ई, व्हॉट्सॲपला डब्ल्यू, कॅल्क्युलेटरला सी, ई-वे बिलाला बी. पाच-सहाच. पंधरा लावलेत तर त्यातले दहा विसरणार, आणि पुन्हा माउस. काही नव्या लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं बटण आलंय. तिथे विंडोज आणि ऑल्ट ही जोडी घ्या.

ऑटोहॉटकी बसवणं

ऑटोहॉटकी हे २००३ पासून चालत आलेलं, फुकट आणि मुक्त स्रोत असलेलं विंडोजचं साधन. त्याची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये अधिकृतपणे आली आणि तिची लिहिण्याची पद्धत पहिलीपेक्षा वेगळी आहे. इंटरनेटवर सापडणाऱ्या निम्म्या स्क्रिप्ट पहिल्या आवृत्तीच्या असतात. त्या उचलून दुसरीत टाकल्या की लाल खुणेची चौकट येते आणि लोक म्हणतात, ‘हे काय चालत नाही.’ आपण दुसरीच वापरणार आहोत. अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या, गुगलच्या जाहिरातीतून नको.

बसवून झालं की डॉक्युमेंट्समध्ये एक नवी टेक्स्ट फाइल करा आणि तिचं शेपूट बदलून टिंब ए-एच-के करा. शेपूट दिसत नसेल तर फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. नाहीतर फाइलचं नाव टिंब ए-एच-के टिंब टी-एक्स-टी असं होऊन बसतं आणि डबल क्लिक केल्यावर नोटपॅडच उघडतं.

आता खुणा. शेतात उभ्या माणसाला फोनवरून सांगावं तसं सांगतो: इंग्रजी शब्द इथे देवनागरीत लिहिलेत, तुम्ही ते आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाइप करायचे. # म्हणजे विंडोज बटण, ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे ऑल्ट, + म्हणजे शिफ्ट. कुठल्याही खुणेच्या आधी > लावलं की ‘फक्त उजवीकडचं’. म्हणून >^ म्हणजे आपलं उजवं कंट्रोल. नंतर अक्षर, नंतर दोन कोलन ::, आणि पुढे काय करायचं ते. ओळीच्या आधी ; लावलं की ती ओळ नुसती टीप होते, तिथे मराठीत बिनधास्त लिहा.

पहिली चाचणी तीन ओळींची:

#रिक्वायर्स ऑटोहॉटकी व्ही२.०
#सिंगलइन्स्टन्स फोर्स
>^एन::रन "नोटपॅड.ईएक्सई"

ओळीच्या सुरुवातीला हॅश आणि पुढे शब्द असेल तर तो विंडोज बटणाचा हॅश नव्हे, ती ऑटोहॉटकीला दिलेली सूचना. पहिली ओळ आवृत्ती सांगते. दुसरीमुळे फाइल दुरुस्त करून पुन्हा डबल क्लिक केलं की जुनी बंद होऊन नवी चालू होते, दोन-दोन प्रती चालत राहत नाहीत. फाइल सेव्ह करा, डबल क्लिक करा. घड्याळाजवळ हिरवं एच दिसलं की चालू झालं. उजवं कंट्रोल आणि एन दाबा, नोटपॅड उघडेल. पुन्हा दाबलंत तर दुसरं नोटपॅड येईल. नेमकं हेच आपल्याला नको आहे.

‘असेल तर जा, नसेल तर उघड’

यासाठी एक छोटं फंक्शन, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या सूचना, लिहायचं. ऑटोहॉटकी फंक्शनचं नाव मराठीत घेते. म्हणून खालचे ‘जा’, ‘विंडो’ आणि ‘रस्ता’ हे तीन शब्द खरोखरच मराठीत टाइप करा. बाकी सगळं इंग्रजीत.

जा(विंडो, रस्ता) {
    इफ विनॲक्टिव्ह(विंडो)
        विनॲक्टिव्हेटबॉटम विंडो
    एल्स इफ विनएक्झिस्ट(विंडो)
        विनॲक्टिव्हेट
    एल्स
        रन रस्ता
}

वाचायला सोपं आहे. हवी ती विंडो आधीच समोर असेल तर त्याच प्रोग्रॅमची सगळ्यात मागची विंडो पुढे आण. तीन एक्सेल फाइली उघड्या असतील तर तेच बटण दाबत त्या एकामागून एक बघता येतात. समोर नाही पण कुठेतरी उघडी आहे, तर तिच्यावर जा. कुठेच नाही, तर उघड. मराठी नावं वापरल्यामुळे फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्ये सेव्ह व्हायला हवी. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्या आणि ११ मधलं नोटपॅड तसंच करतं. जुन्या कॉम्प्युटरवर ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग बघून घ्या.

आता बटणं:

>^व्हीके५४::जा("एएचके_ईएक्सई टॅली.ईएक्सई", ए_डेस्कटॉप "\टॅली.एलएनके")
>^व्हीके४५::जा("एएचके_ईएक्सई एक्सेल.ईएक्सई", ए_डेस्कटॉप "\पट्टी.एलएनके")

टी आणि ई ऐवजी व्हीके५४ आणि व्हीके४५ का? कीबोर्ड मराठीवर असताना टीच्या बटणावर टी नसतं. व्हीके म्हणजे त्या बटणाचा कॉम्प्युटरच्या लेखी असलेला क्रमांक. कीबोर्ड इंग्रजीवर असो की इनस्क्रिप्टवर, तो तोच राहतो. इंग्रजी ए म्हणजे ४१, बी ४२, असं आयपर्यंत ४९. मग जे ४ए, के ४बी अशा सोळाच्या हिशेबाने ओ ४एफ. पी ५० पासून पुन्हा सरळ, झेड ५ए. आपल्याला लागणारी: बी ४२, सी ४३, ई ४५, टी ५४, डब्ल्यू ५७. श्रीलिपीसारखं जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते चालू असताना प्रत्येक बटण एकदा दाबून खात्री करून घ्या.

दुसऱ्या भागात प्रोग्रॅमचा लांबलचक पत्ता न देता डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटचं नाव दिलंय (एलएनके हे शॉर्टकटच्या फाइलचं शेपूट), ते मुद्दाम. शॉर्टकटमध्ये योग्य फोल्डर आधीच भरलेला असतो, आणि ‘पट्टी’ या नावाचा शॉर्टकट थेट तुमच्या एक्सेल फाइलचा असू शकतो. पण एक्सेल आधीच दुसऱ्या फाइलसह चालू असेल तर हे बटण त्या फाइलवर नेईल. नेमकी पट्ट्यांचीच फाइल हवी असेल तर पहिल्या अवतरणात एएचके_ईएक्सईच्या जागी विंडोच्या मथळ्यातला शब्द द्या, म्हणजे फाइलचं नाव. दुसऱ्या आवृत्तीत मथळ्यात तो शब्द कुठेही असला तरी चालतं.

‘फाइल सापडत नाही’ असा निरोप आला तर बहुतेक वेळा कारण हे असतं: डेस्कटॉपवर दिसणारं चिन्ह तुमच्या डेस्कटॉपवर नसून सगळ्या युजर्सच्या सामायिक डेस्कटॉपवर असतं. विंडोज दोन्ही एकत्र दाखवतो, ए_डेस्कटॉपला मात्र फक्त तुमचं दिसतं. त्याच्या जागी ए_डेस्कटॉपकॉमन लिहा, किंवा शॉर्टकटची प्रत करून तिला आपलं साधं नाव द्या.

प्रोग्रॅमचं खरं नाव अंदाजाने लिहू नका. हिरव्या एचवर उजवी क्लिक करून ‘विंडो स्पाय’ उघडा आणि हवी ती विंडो समोर आणा. मथळा, क्लास आणि ईएक्सई तिन्ही तिथे दिसतात. हे लागतंच, कारण काही प्रोग्रॅम फसवे आहेत. फाइल एक्स्प्लोरर नावाने शोधला तर तो कायमच चालू सापडतो, कारण डेस्कटॉप आणि टास्कबारही तोच सांभाळतो. तिथे ‘एएचके_क्लास कॅबिनेटडब्ल्यूक्लास’ द्यायचं. विंडोजचा कॅल्क्युलेटर स्टोअरमधल्या ॲपसारखा एका वेगळ्याच आवरणात चालतो. तो मथळ्याच्या नावाने ओळखावा. डेस्कटॉपवरचं व्हॉट्सॲपही स्टोअरचं असेल तर त्याचं चिन्ह सहज सापडत नाही: विंडोज-आर दाबा, शेल, कोलन, ॲप्सफोल्डर असं सलग लिहून एंटर करा, आणि त्या यादीतून व्हॉट्सॲप ओढून डेस्कटॉपवर टाका. शॉर्टकट तयार.

ई-वे बिल आणि जीएसटीची पानं

रनच्या पुढे अवतरणात वेबसाइटचा पूर्ण पत्ता दिला की ती नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडते. पण दरवेळी नवा टॅब. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांच्या वरच्या मालाला सहसा ई-वे बिल लागतं, त्यामुळे गडबडीच्या दिवसांत दुपारपर्यंत पंधरा टॅब साचतात. ऑटोहॉटकीला ब्राउझरच्या आतले टॅब दिसत नाहीत. त्याला फक्त समोरच्या टॅबचा मथळा दिसतो. यावर उपाय ब्राउझरमध्येच आहे: क्रोम किंवा एजच्या मेनूतून ते पान वेगळ्या विंडोत उघडणारं ॲप म्हणून बसवा. त्याची स्वतंत्र विंडो आणि स्वतंत्र शॉर्टकट मिळतो. मग त्या विंडोच्या मथळ्यातला शब्द आणि तो शॉर्टकट ‘जा’ला दिला की तेही टॅलीसारखंच वागतं.

इथे एक सांगतो, ऐकायचं की नाही तुमच्यावर. ‘बटण दाबलं की पासवर्डही आपोआप पडू दे’ अशी मागणी हमखास होते. ऑटोहॉटकीला ते सहज जमतं. पण ही साधी टेक्स्ट फाइल आहे, पेनड्राइव्हवर जाते, कुणीही उघडून वाचू शकतो. जीएसटीचा, बँकेचा कुठलाच पासवर्ड यात लिहू नका.

टॅली समोर असताना बटणं चालत नसतील तर

बाकी सगळीकडे चालतं, पण एक ठरावीक प्रोग्रॅम समोर आला की बटणं मुकी होतात, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. तो प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असतो आणि तुमची स्क्रिप्ट साध्या अधिकाराने. अशा वेळी विंडोज खालच्याला वरच्याची बटणं पाहू देत नाही. टास्क मॅनेजरच्या तपशिलात ‘एलिव्हेटेड’ हा रकाना चालू केला की कोण कसं चालतंय ते दिसतं. आधी बघा, त्या प्रोग्रॅमला ॲडमिनची खरंच गरज आहे का. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कुणीतरी कधीतरी खूण करून ठेवलेली असते. गरज असेलच तर स्क्रिप्टलाही तोच अधिकार द्यावा लागेल. त्यासाठी टास्क शेड्युलरमध्ये नवं काम करा, ‘लॉग ऑन झाल्यावर’ हा ट्रिगर आणि ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर खूण.

अशी भानगड नसेल तर सोपा मार्ग. लाइट जाऊन आली की कॉम्प्युटर नव्याने चालू होतो, आणि स्क्रिप्ट चालू करायला कुणाला आठवत नाही. विंडोज-आर दाबून शेल, कोलन, स्टार्टअप असं सलग लिहा, उघडलेल्या फोल्डरात स्क्रिप्टचा शॉर्टकट टाका. मूळ फाइल नको, शॉर्टकटच. मूळ डॉक्युमेंट्समध्ये राहू दे, म्हणजे बॅकअपमध्ये येते. स्क्रिप्टची ईएक्सई करून वाटायचा मोह टाळा. अँटिव्हायरस अशा फाइलींना उगाच व्हायरस समजून उचलतात. विंडोज-एल आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट या दोन जोड्यांच्या वाटेला जाऊ नका, त्या विंडोजने स्वतःकडे ठेवल्यात.

उबुंटू आणि मॅकवाल्यांसाठी

उबुंटूवर सुपर बटण (म्हणजे विंडोजचंच बटण) आणि १ ते ९ हे डॉकच्या चिन्हांवर तसंच चालतं. स्वतःचे शॉर्टकट सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे ‘व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स’ आणि तळाशी ‘कस्टम’ इथे घालता येतात: नाव, कमांड आणि बटणं. ‘असेल तर जा’साठी डब्ल्यूएमसीटीआरएल हे छोटं साधन बसवून कमांडमध्ये आधी ते, मग दोन उभ्या रेघा ||, मग प्रोग्रॅम असं लिहितात, म्हणजे विंडो सापडली नाही तरच प्रोग्रॅम उघडतो. ही चौकट दोन रेघांसारख्या खुणा स्वतः समजून घेत नाही, म्हणून अख्खी ओळ एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये ठेवून त्या फाइलचा पत्ता द्यायचा. लॉगिनला वेलँड (स्क्रीनवर विंडो दाखवणारी नवी यंत्रणा) निवडलेलं असेल तर डब्ल्यूएमसीटीआरएलला बऱ्याच विंडो दिसतच नाहीत. तिथे डॉकचे आकडेच बरे.

मॅकवर मॉन्टेरेपासून, म्हणजे २०२१ पासून, ‘शॉर्टकट्स’ हे ॲप आहे. त्यात ‘ओपन ॲप’ ही क्रिया निवडा आणि तपशिलात जाऊन तिला बटणं जोडा. उघडं असलेलं ॲप मॅक तसंही पुन्हा उघडत नाही, समोर आणतो, त्यामुळे वरचं फंक्शन लिहायची गरजच पडत नाही.